किचन ट्रॉली तीच, शटर नवं: जुन्या ओट्याचा दर्शनी भाग बदलताना काय तपासायचं?

स्वयंपाकघर जुनं दिसायला लागलं की सगळं काढून नवं करायचा विचार पहिल्यांदा मनात येतो. सनमायकाचे कोपरे उचकटलेले असतात, रंग विटलेला असतो, एखादं दार खाली लोंबत असतं. पण समोरून दिसतं ते फक्त शटर, म्हणजे दाराची किंवा ट्रॉलीची दर्शनी फळी. तिच्यामागचा खोका, सरकणारी चॅनेल आणि स्टीलची बास्केट या वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या बऱ्याचदा ठणठणीत असतात. शटर चार-सहा स्क्रूंवर बसलेलं असतं. ते काढून दुसऱ्या मालाचं, दुसऱ्या रंगाचं किंवा दुसऱ्या घडणीचं शटर लावता येतं. बदल फक्त तोंडाचा होतो, खर्चही तेवढाच येतो.

मात्र मागचा खोका धडधाकट असायला हवा. कुजलेल्या खोक्यावर नवं शटर चढवलं तर ते पैसे वाया गेल्यात जमा.

कारखान्यातला खोका आणि कडप्प्याचा खोका

परदेशात तयार खोक्यांना वेगळी शटरं लावणं हा एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. आयकिया या स्वीडिश कंपनीचे किचनचे खोके ठरलेल्या मोजमापांचे असतात. त्यामुळे खोके तिथून घ्यायचे आणि शटरं दुसऱ्याकडून करून घ्यायची, हे सोपं जातं. डेन्मार्कमधली रिफॉर्म ही कंपनी २०१४ मध्ये नेमकी याच कल्पनेवर उभी राहिली आणि तिने नावाजलेल्या वास्तुविशारदांकडून शटरांची डिझाइन करून घेतली. आयकियाचं भारतातलं पहिलं दालन ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला सुरू झालं आणि महाराष्ट्रातलं पहिलं डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत, तुर्भ्याला.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेवर असलेल्या जतसारख्या तालुक्याच्या गावाला तुर्भे लांबच. पण इथल्या स्वयंपाकघरांत शटर बदलणं एका अर्थाने अधिक सोपं आहे, कारण बऱ्याच घरांत ओट्याखालचा खोका लाकडाचा नसतोच. गवंडी कडप्प्याच्या उभ्या फरश्या लावून कप्पे पाडतो, वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा बसवतो आणि मग ट्रॉलीवाला त्या कप्प्यांत चौकट, चॅनेल आणि बास्केट बसवून जातो. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा चुनखडीचा दगड. त्याला वाळवी लागत नाही, तो पाण्याने फुगत नाही. ट्रॉलीचं शटर दहा-बारा वर्षांत थकतं, दगड तसाच राहतो.

दगडाचा तोटाही आहे. कारखान्यातला खोका मिलिमीटरमध्ये नेमका असतो. गवंड्याच्या हातचा कप्पा क्वचितच गुण्यात सापडतो. वर १९ इंच, खाली पावणेएकोणीस आणि उजवी फरशी ओळंब्यात नाही, हे नेहमीचंच. म्हणून तयार मापाची शटरं इथे चालत नाहीत. प्रत्येक कप्प्याचं माप वेगळं घ्यावं लागतं.

आधी आतलं तपासायचं

सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या करून बाहेर काढाव्यात आणि आत बॅटरी मारून पाहावं. कप्प्यात प्लायची चौकट असेल तर तिच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबावं. ते सहज आत घुसलं तर तो भाग संपला. पार्टिकल बोर्डचा खोका असेल तर खालची कड बोटाने चाचपावी. फुगून जाड झालेली कड पुन्हा बसत नाही. सिंकखालचा कप्पा सगळ्यात आधी पाहावा. जतकडची हवा कोरडी असल्याने कोकणासारखं हवेतल्या दमाने लाकूड फुगण्याचं प्रमाण कमी, पण सिंकचा गळका पाइप, फिल्टरची नळी आणि साठवणीच्या पाण्याची भांडी यांचा ओलावा कुठेही तेवढाच वाईट. पाणी साठवून ठेवावं लागतं अशा घरात हंडा-पिंपाजवळची शटरंच आधी जातात, ती यामुळे.

चॅनेल पूर्ण ओढून पाहावं. खरखर येत असेल तर कधी कधी नुसत्या साफसफाईने भागतं. ट्रॉली एका बाजूला झुकत असेल किंवा गोळ्या पडल्या असतील तर चॅनेल बदलावं. शटर निघालेलंच असतं, तेव्हा हे काम त्याच दिवशी होतं. बास्केट गंजली असेल तर तिच्या मापाची नवी मिळते. १५, १७, १९, २१ इंच रुंदी, २० इंच खोली आणि ४, ६, ८ इंच उंची ही बाजारातली सरसकट मापं आहेत.

बिजागरीची भोकं सैल झाली म्हणून शटर लोंबत असेल तर ते लगेच बाद करायची गरज नाही. भोकात फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोकावी, सुकू द्यावी आणि मग नव्याने स्क्रू मारावा. किंवा बिजागरीची जागा दोन इंच वर-खाली सरकवावी.

माप कसं घ्यायचं

जुन्या शटरवरून नव्याचं माप काढणं ही सगळ्यात मोठी चूक. जुनं शटर झिजलेलं असतं, फुगलेलं असतं किंवा मुळातच चुकीचं बसवलेलं असतं. कप्प्याचं माप घ्यावं: रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे आणि उजवीकडे. शिवाय एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर कप्पा गुण्यात आहे.

दोन शटरांमध्ये साधारण ३ मिलिमीटर फट लागते. ६०० मिलिमीटर रुंदीच्या तयार खोक्यावर म्हणूनच ५९७ चं शटर बसतं. सनमायका आणि कडेची पट्टी लावून झाल्यावरचं हे माप आहे, कापण्याचं नाही. पट्टी २ मिलिमीटरची असेल तर दोन्ही बाजू मिळून फळी ४ मिलिमीटर कमी कापावी लागते. बाहेर १ मिलिमीटरची सनमायका आणि आत पातळ लायनर लावल्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय जवळपास २० होतो. बिजागरीचा हिशेब करताना ही जाडीही धरावी लागते.

बिजागरी: झिरो, आठ की सोळा?

शटरच्या मागे ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडून त्यात बसणारी ऑटो बिजागरी तीन प्रकारांत मिळते. दुकानात त्यांना झिरो, आठ आणि सोळा क्रँक म्हणतात; काही ठिकाणी सोळाला पंधरा. शटर बाजूच्या फळीची जाडी पूर्ण झाकणार असेल तर झिरो. एकाच मधल्या फळीवर दोन्हीकडची शटरं अर्धी-अर्धी येणार असतील तर आठ. शटर चौकटीच्या आत बसणार असेल तर सोळा. जुनं शटर आत बसणारं आणि नवं वरून झाकणारं हवं असेल, तर शटराबरोबर बिजागऱ्याही बदलाव्या लागतात. हे आधी लक्षात आलं नाही की सुताराला परत बाजार गाठावा लागतो.

कडप्प्यात बिजागरीचा स्क्रू थेट बसत नाही. दगडाला भोक पाडून, गुट्टी घालून लाकडी किंवा प्लायची पट्टी लावतात आणि बिजागरी त्या पट्टीवर येते. झिरो क्रँकची बिजागरी पट्टीची जाडी झाकते, त्यापलीकडच्या दगडापर्यंत पोहोचत नाही. म्हणून बऱ्याच ओट्यांवर दोन दारांच्या मध्ये दगडाची काळी कड दिसत राहते. तो सुताराचा आळस नव्हे, बिजागरीची मर्यादा आहे. ट्रॉलीला हे बंधन नाही. तिचं शटर ब्रॅकेटवर असतं, त्यामुळे ते हवं तेवढं रुंद करून दगड झाकता येतो. ती काळी कड नकोच असेल तर खालच्या दारांच्या ट्रॉल्या करून घेणं हा एक मार्ग.

साधारण ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या पुरतात, त्याहून उंच दाराला तीन. वजनही पाहावं. ६०० बाय ७२० मिलिमीटरचं, १८ मिलिमीटर जाड एमडीएफचं शटर पावणेसहा किलोच्या आसपास भरतं. त्यावर ४ मिलिमीटरची काच चिकटवली की आणखी चार किलो वाढतात. जुन्या दोन बिजागऱ्यांवर हे दहा किलो टांगू नयेत.

ट्रॉलीचं शटर जमवताना

ट्रॉलीच्या शटरला बास्केटच्या पुढच्या ब्रॅकेटचे स्क्रू लागतात. ब्रॅकेटची भोकं लांबट असतात, ती थोडंफार सरकवून जुळवण्यासाठीच. ट्रॉली बंद करून, मध्ये ३ मिलिमीटरचे तुकडे ठेवून शटर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरतं चिकटवावं, लेव्हल पाहावी, मग आतून स्क्रू आवळावेत. हँडलची भोकं सगळ्यात शेवटी.

काही जणांना तीन छोट्या ट्रॉल्यांऐवजी समोरून एकच मोठं शटर दिसायला हवं असतं. तसं करता येतं, पण ४ इंची बास्केटवर दोन फूट उंच शटर लावलं की ते डुलतं, कारण धरायला जागाच कमी असते. उंच शटराला खाली आणि वर अशा दोन ठिकाणी आधार हवा. नाहीतर बाहेर एक दार आणि आत छोट्या ट्रॉल्या, अशी रचना बरी.

सिलिंडरच्या कप्प्याचं शटर

इथे दिसण्याचा विचार मागे ठेवावा. गॅस कंपन्यांच्या सूचनांनुसार सिलिंडर बंद कपाटात ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. जुन्या ओट्यांवर सिलिंडरचा कप्पा उघडा असतो किंवा त्याला जाळीचं शटर असतं. नूतनीकरणात सगळं एकसारखं दिसावं म्हणून तिथेही सपाट ॲक्रिलिकचं शटर बसवलं जातं आणि हवा बंद होते. हा कप्पा उघडाच ठेवणं उत्तम. शटर लावायचंच तर पूर्ण जाळीचं लावावं, खाली फरशीलगत मोकळी जागा सोडावी आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोहोचेल असं पाहावं. नुसती वरच्या बाजूला जाळी देऊन उपयोग नाही.

माल कोणता घ्यायचा

प्लायवर सनमायका हा अजूनही सर्वांत भरवशाचा पर्याय. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असेल तर तो मरीन प्लाय, पाणी सोसणारा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा. सिंक आणि साठवणीच्या पाण्याजवळ पहिला, बाकीकडे दुसरा घेतला तरी चालतं. सगळीकडे महागडा प्लाय लावायलाच हवा असं नाही.

ॲक्रिलिकची चकाकी दुकानात छान दिसते. घरी बोटांचे ठसे आणि चरे दिसतात. गडद रंगाच्या चकचकीत शटरावर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग रोज पुसावे लागतात. एमडीएफवर पीव्हीसीचा पापुद्रा ओढलेली नक्षीदार शटरं शेगडीजवळ उष्णतेने कडेला सुटू लागतात. शिवाय नक्षीच्या खाचांत फोडणीचं तेल आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून जो थर बसतो तो निघता निघत नाही. पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, पण स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाही. छोट्या ट्रॉलीला तो ठीक, उंच दाराला नको.

जुन्या घराच्या सागवानी दारा-खिडक्यांच्या फळ्या असतील तर त्यांची शटरं देखणी होतात. अखंड लाकूड मात्र ऋतूप्रमाणे रुंदीत कमी-जास्त होतं. म्हणून चौकट करून मधली फळी खाचेत न चिकटवता मोकळी बसवावी. रंधा मारण्याआधी जुने खिळे शोधून काढावेत, नाहीतर पातं जातं.

एका शीटमध्ये किती शटरं?

दर सांगताना कोणी चौरस फुटावर सांगतं, कोणी धावत्या फुटावर. तुलना करायची तर आधी शीटचा हिशेब कळायला हवा. प्लायचं शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. ओट्याखालच्या शटराची उंची पायपट्टी सोडून साधारण २७ इंच धरू. लाकडाच्या रेषा उभ्या हव्या असतील तर ९६ इंच लांबीत २७ चे तीन पट्टे निघतात आणि प्रत्येक पट्टा ४८ इंच रुंद. म्हणजे एका शीटमध्ये १२ फूट ओट्याचं तोंड झाकलं जातं. रेषा आडव्या हव्या असतील तर २७ इंचाचा एकच पट्टा निघतो, ८ फुटांचा. उरलेली २१ इंचांची पट्टी दारांना पुरत नाही, ट्रॉल्यांच्या छोट्या शटरांना मात्र वापरता येते. तेव्हा आडव्या रेषा आवडल्या तर ओट्यावर दारं कमी आणि ट्रॉल्या जास्त असणं फायद्याचं. एकरंगी सनमायका घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

चारही कडांना पट्टी लावण्याचं आधीच ठरवून घ्यावं. खालची कड दिसत नाही म्हणून ती पुष्कळदा सोडून दिली जाते, आणि फरशी पुसताना पाणी तिथूनच शिरतं. जुनी शटरं नवी बसून, सगळ्या ट्रॉल्या भरून चार दिवस वापरून होईपर्यंत टाकू नयेत. भांड्यांच्या वजनाने चॅनेल थोडं बसतं, फटी बदलतात आणि ब्रॅकेटचे स्क्रू पुन्हा एकदा जुळवावे लागतात. त्या फेरीसाठी सुताराला यायला लावण्याचं काम ठरवतानाच बोलून ठेवावं.