सांगोला मतदारसंघ
* मूळ मजकुरात 'सांगोल्याचा लाल बावटा' असा जो ओझरता उल्लेख आला आहे, त्याचा रोख सोलापूर जिल्ह्यातील माणकाठच्या त्या अवर्षणप्रवण तालुक्याकडे आहे, ज्याने 1962 साली, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार गणपतराव देशमुख यांना विधानसभेवर धाडले आणि पुढे 2014पर्यंत एकूण अकरा वेळा त्यांनाच कौल दिला. ही परंपरा अखंड मात्र नव्हती : 1972 साली त्यांचा पराभव झाला, तो 1974च्या पोटनिवडणुकीत भरून निघाला, आणि 1995 साली काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी मागे टाकले. काँग्रेसच्या सर्वंकष प्रभावाच्या काळात एका लहान विरोधी पक्षाचा पाया येथेच का टिकला, याचे उत्तर केवळ व्यक्तिमाहात्म्यात शोधणे आम्हांस अपुरे वाटते. रोजगार हमीची कामे, आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्यावर सांगितलेला हक्क, आणि जेथे कापूस पिकत नाही अशा मुलखात सचोटीने चालविलेली सहकारी सूतगिरणी, या गोष्टी मतदाराने आपल्या डोळ्यांदेखत पाहिल्या होत्या. देशमुख 1978 व 1999 साली मंत्रिमंडळांतही होते. परंतु त्यांची खरी हयात विरोधी बाकांवरच गेली. 2019 साली त्यांनी उमेदवारी स्वीकारली नाही, तेव्हा शिवसेनेकडून उभे असलेले शहाजीबापू पाटील निसटत्या मताधिक्याने विजयी झाले; 2024 साली देशमुखांचे नातू बाबासाहेब यांनी ही जागा पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडे आणली. — संपादक