पेशीपटल
पेशीतील जीवद्रव्यास बाह्य परिसरापासून विलग राखणारे, सुमारे 7 ते 8 नॅनोमीटर जाडीचे सजीव आवरण. फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थरात प्रथिने रुतलेली असून त्यांपैकी अनेक त्या तरल थरात सरकू शकतात, ही आज सर्वमान्य असलेली उपपत्ती सिंगर व निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडली. ऑक्सिजनास येथे मुक्त संचार असला, तरी विद्युत्‌भारित आयनांस प्रथिनांच्या मार्गावाचून जवळजवळ मज्जावच असतो. विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे पाणी पटलातून जाते, त्यास तर्षण म्हणतात. ऱ्हीओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळली असता, रंगीत रसासह जीवद्रव्य पेशीभित्तीपासून सुटून आक्रसत जाताना दिसते, आणि तर्षणाचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. उलटपक्षी शुद्ध पाण्यात पडलेली तांबडी रक्तपेशी, तिला भित्तीचा आधार नसल्याने, फुगून फुटते. म्हणूनच शिरेवाटे द्यावयाचे सामान्य लवणजल 0.9 टक्के राखतात. संहतीच्या उताराविरुद्धची वाहतूक मात्र फुकट होत नाही : एटीपीचा एक रेणू खर्ची पडला, की सोडियमचे 3 आयन बाहेर व पोटॅशियमचे 2 आत जातात. आयनांची ही ने-आण करणाऱ्या पंपाचा छडा डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून लावला व 1957 मध्ये तो प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिकाचा मान त्यांस, बऱ्याच विलंबाने, 1997 मध्ये मिळाला.