शिवभारत : पुत्राचे कर्तेपण

कवींद्र परमानंद नेवासकर यांचे शिवचरित्रपर संस्कृत महाकाव्य. बत्तिसाव्या अध्यायात ते खंडित होते, स. म. दिवेकर यांनी संपादिलेली आवृत्ती १९२७ मध्ये निघाली. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) या शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीसाठी अभ्यासक त्याचा आधार घेतात, पण मुलगा कर्ता कसा होतो हे सांगणारे काव्य म्हणूनही ते वाचायला हवे. शहाजीराजे मोहिमेवर आणि गरोदर जिजाबाई जुन्नरच्या शिवनेरीवर, गडकरी विजयराजाच्या आसऱ्याला. हा विजयराज शिवाजीच्या थोरल्या भावाचा, संभाजीचा, सासरा, म्हणजे व्याह्याच्या गडावरचे हे बाळंतपण. बाप दूर आणि घर आईच्या हाती, ही मांडणी होमरच्या ‘ओडिसी’तही आहे. तिथे वीस वर्षे परागंदा असलेल्या ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस सभा बोलावतो, बापाचा माग काढायला पायलोस आणि स्पार्टा गाठतो. पण कसोटीची वेळ येते तेव्हा, एकविसाव्या सर्गात, चौथ्या खेपेला बापाचे धनुष्य वाकू लागले असताना, वेषांतर करून परतलेल्या बापाने खुणावताच तो हात आवरतो. त्याचे प्रौढपण बापाच्या परतण्यात सामावून जाते.

परमानंदांनी वाट वेगळी धरली. दहाव्या अध्यायात शहाजीराजे स्वतःच बारा वर्षांच्या शिवाजीला बंगळूरहून पुण्याला धाडतात. सोबत हत्ती, घोडे, पायदळ, ध्वज, मंत्री आणि अध्यापकही. इतका सरंजाम पाठीशी असताना मुलाचे स्वतःचे असे काय राहिले, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पुढच्या प्रसंगात मिळते. १६४८ मध्ये शहाजीराजे जिंजीजवळ कैद होतात आणि त्यांच्या सुटकेसाठी आदिलशहा सिंहगड मागतो. आदिलशाही सरदार फत्तेखानाच्या फौजेला पुरंदराशी नुकतेच हरवलेल्या मुलाला गड सोडायचा नाही, आणि बाप तर सोडवायचा आहे. मंत्री सोनोपंत डबिरांशी खल होतो आणि गड जातो. इथे खूण करायला बाप समोर नाही. निर्णय मुलाचा, तोही जिंकल्यानंतर हातचे सोडण्याचा. (मोगल शहजादा मुराद बक्षाशी झालेल्या पत्रव्यवहारालाही इतिहासकार या सुटकेचे श्रेय देतात, काव्याचा रोख मात्र गडावरच आहे.)

नायक विष्णूचा अवतार ठरवल्यावर त्याच्या वाढीला अर्थ तो काय, हा दुसरा आक्षेप अधिक अवघड. दरबारी कवीची स्तुती तिथे आहेच, ती नाकारण्यात हशील नाही. तरीही याच कवीने अवताराला मुळाक्षरे गिरवायला गुरूपुढे बसवले आणि ऐन पेचात मंत्र्याचे ऐकून घ्यायला लावले. होमरशी परमानंदांचा संबंध जोडण्याचे कारण नाही; त्यांचा आदर्श महाभारत आणि पुराणेच. पण महाभारतातला अभिमन्यू बापाच्या गैरहजेरीत व्यूहात शिरतो आणि परत येत नाही. परमानंदांचा नायक मात्र गड देतो, बाप सोडवतो आणि पुढे अफजलखानापर्यंत पोचतो.