रेवती नायकिणीची कन्या कां?

गेल्या हिवाळ्यांत यवतमाळास कांहीं हौशी मंडळींनीं 'संगीत संशयकल्लोळ' हें नाटक केलें. पडदे साधे, साथ बेताची. पण प्रेक्षक पोट धरून हंसले. बाहेर पडतांना माझ्या एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "सर, आश्विनशेटचें रेवतीवर प्रेम आहे, लग्नाची तयारी आहे, मग देवलांनीं रेवतीला नायकिणीची मुलगी कां केलें? चांगल्या घरची कां नाहीं केली?" मीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनांतून जाईना.

या नाटकाची वंशावळ नाट्यरसिकांस ठाऊक आहेच. फ्रेंच नाटककार मोलिएर याचें 'स्गानारेल' १६६० सालीं पॅरिसांत रंगभूमीवर आलें. त्याच्या कथानकाचा आधार घेऊन आर्थर मर्फी यानें इंग्रजींत 'ऑल इन द रॉंग' रचलें. तें १७६१ सालीं लंडनांत झालें. त्यावरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हें गद्य नाटक लिहिलें, व पुढें त्यांतच पदें घालून 'संशयकल्लोळ' सिद्ध केलें. १९१६ च्या जून महिन्यांत देवल वारले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गंधर्व नाटक मंडळीनें संगीत प्रयोग केला. म्हणजे आज ज्या रूपांत आपण हें नाटक पाहतों, त्या रूपांत तें पाहण्याचें भाग्य खुद्द कर्त्यास लाभलें नाहीं. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांचें वर्णन ऐकतच आमच्या मागची पिढी वाढली.

आतां गंमत अशी कीं, मर्फीची नायिका बेलिंडा ही सभ्य गृहस्थाची कन्या आहे. ती आपल्या प्रियकरास भेटते, त्याच्याशीं रुसते, भांडते; आणि लंडनच्या प्रेक्षकांस त्यांत वावगें कांहींच वाटत नाहीं. देवलांनीं फाल्गुनराव व कृत्तिका हें संशयी जोडपें जवळजवळ जसेंच्या तसें उचललें. पात्रांना महिन्यांचीं आणि नक्षत्रांचीं नांवें देऊन त्याला अस्सल मराठी झिलई चढविली. नायिकेपाशीं मात्र त्यांची लेखणी अडली असली पाहिजे. कारण उघड आहे. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यानें वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तर केवढें रण माजलें! ज्या समाजांत मुलगी दहा-अकराव्या वर्षीं सासरीं नांदूं लागे, त्या समाजांतील कुलीन नायिकेनें प्रेम करावें तरी केव्हां? आणि केलेंच, तर तें रंगभूमीवर दाखवावें कसें? इंग्रजी कॉमेडीचा सारा डोलारा लग्नापूर्वींच्या परिचयावर उभा. आणि आमच्याकडे तर लग्न आधीं आणि परिचय मागाहून. प्रौढ, अविवाहित, स्वतःच्या मर्जीनें पुरुषाशीं बोलणारी स्त्री हवी, तर ती नायकिणीच्या घरींच शोधणें भाग होतें.

ही अडचण एकट्या देवलांची नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ सालीं 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक पुण्यास केले, तेव्हां त्यांनीं पुराणाचा आश्रय घेतला. सुभद्रा बलरामाच्या मनाविरुद्ध अर्जुनावर प्रेम करते, आणि घरांतलाच वडील भाऊ तिच्या पळून जाण्याची व्यवस्था करतो. पण तो भाऊ श्रीकृष्ण असल्यामुळें कोणाही सनातन्याची छाती बोलण्याची झाली नाहीं. आमच्या वऱ्हाडशीं संबंध असलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं तिसरी वाट धरली. त्यांनीं काल्पनिक राज्यें वसविलीं. 'मूकनायका'त राजपुत्र मुक्याचें सोंग घेतो आणि राजकन्या त्या मुक्यावर अनुरक्त होते. असलें राज्य नकाशावर नाहीं, म्हणून तेथें संमतिवयाचा कायदाही नाहीं! मला स्वतःला कोल्हटकरांचीं कथानकें जरा ओढूनताणून आणलेलीं वाटतात. पण त्यांना तसें कां करावें लागलें हें ध्यानीं घेतलें, म्हणजे टीकेची धार बोथट होते. देवलांनीं १८९९ सालीं 'शारदे'त कुलीन घरची अविवाहित मुलगी रंगभूमीवर आणली खरी. पण ती आणली म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधण्याचें दुःख दाखविण्यासाठीं.

मौज ही कीं, आमच्या या प्रांतास प्रेमाच्या नाटकांचें अगत्य फार जुनें आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा म्हणजे कालिदासाची वरदा. 'मालविकाग्निमित्रा'ची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. विदिशेच्या राणीची दासी म्हणून ती अज्ञातवासांत राहते, आणि राजा अग्निमित्र प्रथम तिच्या चित्रावरच लुब्ध होतो. तेथेंही घोटाळा तसबिरीचाच! शेवटीं राजा विदर्भाचे दोन भाग करून वरदेच्या दोन तीरांवर दोघां चुलतभावांस राज्य करावयास लावतो. त्याच नदीच्या कांठीं, थोडें वर, अमरावती जिल्ह्यांत कौंडिण्यपूर आहे. तेथूनच रुक्मिणीनें श्रीकृष्णास पत्र धाडलें अशी लोकांची श्रद्धा. ज्या भूमीच्या कन्या पुराणांत आणि काव्यांत आपला वर आपण निवडीत, त्याच भूमींत एकोणिसाव्या शतकाच्या नाटककारास प्रेम करणारी मुलगी सांपडूं नये, याला काय म्हणावें?

नाटक कंपन्यांच्या भरभराटीच्या काळीं यवतमाळ हें लहानसें गांव होतें. १९०१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या दहा हजारांहून थोडी अधिक भरली. १९०५ पर्यंत जिल्ह्याचें नांवही वणी असेंच होतें. परंतु कापसाच्या पैशानें वऱ्हाडांतील शहरें नाटकवाल्यांस हवींहवींशीं झालीं. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी अरुंद रुळांची आगगाडी लोकांच्या तोंडीं 'शकुंतला' या नांवानें राहिली. किर्लोस्करांनीं संगीत नाटकाचा पाया घातला तोही १८८० सालीं 'शाकुंतला'नेंच. हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो. ती गाडी आतां धांवत नाहीं.

आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. रंगभूमीवरची रेवती ही स्त्री नव्हतीच. बालगंधर्वांची वस्त्रें, त्यांची चाल, त्यांचें केस माळणें यांचें अनुकरण कुलीन घरांतील स्त्रिया हौसेनें करीत. आणि त्या स्वतः रंगभूमीवर येतील ही कल्पनाही त्यांच्या घरांत सहन झाली नसती. 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांनीं कामें केलीं, तेव्हां १९३३ साल उजाडलें होतें. शारदा कायदा म्हणून ओळखला जाणारा बालविवाहाचा कायदा १९२९ सालीं झाला. त्यानें मुलीचें वय चौदा ठरविलें. नायिका मोठी झाली ती ही अशी. आधीं कायद्यांत, मग शाळेंत, आणि सर्वांच्या मागून नाटकांत. पुढच्या नाटककारांस नायकिणीच्या घरीं जाण्याचें कारण उरलें नाहीं.

माझी आजी शारदा कायद्याच्या आधीं, दहाव्या वर्षीं, लग्न होऊन दारव्ह्यास आली. आजोबांचा तिच्याशीं पहिला धड संवाद झाला तो तिच्या म्हणण्याप्रमाणें लग्नाला चार वर्षें झाल्यावर. तोही विहिरीच्या दोराविषयीं. 'संशयकल्लोळ' तिनें केव्हां तरी माजघरांतल्या सासवा-जावांबरोबर पाहिलें होतें. त्यांतलीं पदें ती तांदूळ निवडतांना गुणगुणे, आणि आम्ही मुलांनीं रेवती कोण म्हणून विचारलें, तर आवाज खालीं आणून म्हणे, "होती एक गाणारी." मग थोडा वेळ थांबून, जणूं आपल्याशींच, पुढें पुस्ती जोडी: "पण त्यानें विचारलें हो तिला, लग्न करतेस का म्हणून."

त्या विद्यार्थिनीस मीं परवा हें सांगितलें.