ताराबाई, महाराणी

(१६७५–९ डिसेंबर १७६१). मराठेशाहीतील कर्तबगार राज्यकर्त्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. माहेर कराडजवळचे तळबीड. १७०० मध्ये पती छत्रपती राजाराम यांचे सिंहगडावर निधन झाले. त्यानंतर बालपुत्र शिवाजीला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये राजारामांचे पुतणे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले व त्यांनी गादीवर हक्क सांगितला. खेडच्या लढाईत शाहूंकडून ताराबाईंचा पराभव झाला आणि सातारा हातचा गेला. त्यांनी पन्हाळ्यास वेगळी गादी उभारली. १७१४ मध्ये तीही सवत राजसबाईंनी उलथवली व मायलेक कैदेत पडले. पुढे शाहूंच्या आश्रयाने त्या साताऱ्यास राहू लागल्या.

त्यांच्या चरित्राचा सर्वांत विलक्षण भाग इथून पुढे सुरू होतो. शाहूंना औरस पुत्र नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे आणले आणि १७५० मध्ये तो छत्रपती झाला. पेशव्यांना दूर करण्याची त्यांची सूचना त्याने मानली नाही, तेव्हा त्याच वर्षी पंचाहत्तरीतल्या या राणीने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकून कारभार हाती घेतला. गुजरातेतून मदतीला धावून आलेल्या दमाजी गायकवाडांना १७५१ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी कैद केले. किल्ला मात्र ताराबाईंनी सोडला नाही. १७५२ मध्ये जेजुरीस समेट झाला. तिथे त्यांनी रामराजा आपला नातू नसल्याचे शपथेवर सांगितले. तरीही तो नामधारी छत्रपती राहिला. सत्ता पेशव्यांकडेच गेली, पण साताऱ्यातील त्यांचा दरारा अखेरपर्यंत टिकला.