आंतरराष्ट्रीय सनदी सेवकांचे वेतन व सेवाशाश्वती : राष्ट्रसंघापासून १९५४ च्या सल्लागारी मतापर्यंत

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष प्रामुख्याने करार, ठराव व परिषदा यांकडे जाते. ज्या कर्मचारीवर्गाच्या श्रमावर या संस्था चालतात, त्याचे वेतन व सेवाशर्ती हा विषय मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः, या सेवकाची निष्ठा कोणाशी हा प्रश्न त्याला पगार कोण देतो आणि त्याला कामावरून कोण काढू शकतो, या दोन प्रश्नांपासून वेगळा करता येत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका वादाचा परामर्श घेतला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचे पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड यांनी सचिवालयाची उभारणी एका नव्या कल्पनेवर केली. सचिवालयातील सेवक निरनिराळ्या देशांचे असले, तरी सेवेत असताना ते आपापल्या सरकारांचे प्रतिनिधी नसतील, ही ती कल्पना होय. अशा सेवकाला वेतन किती द्यावे, हा प्रश्न लगेचच उपस्थित झाला. जिनिव्हातील पगार अवाजवी आहेत अशी टीका होऊ लागल्यावर फ्रेंच संसद सदस्य जॉर्ज नोब्लमेअर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. या समितीने १९२१ मध्ये जे तत्त्व मांडले ते आजही नोब्लमेअर तत्त्व म्हणून ओळखले जाते. ज्या देशाच्या मुलकी सेवेचे वेतन सर्वाधिक असेल, त्या देशाचे नागरिकही आकृष्ट होतील इतके वेतन आंतरराष्ट्रीय सेवेत असावे, असे या तत्त्वाचे सार आहे. त्या काळी हा मान ब्रिटिश सेवेचा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळात तो अमेरिकन संघीय सेवेकडे गेला. वेतन आयोगाच्या शिफारशींची वाट पाहण्याची सवय असलेल्या प्राध्यापकवर्गाला तुलनेची ही पद्धत अपरिचित वाटू नये! मात्र हे तत्त्व सरसकट सर्वांना लागू नव्हते. टंकलेखक, कारकून इत्यादी स्थानिक पातळीवर नेमलेल्या सेवकांसाठी १९४९ मध्ये फ्लेमिंग समितीने वेगळा निकष सुचविला. त्यानुसार त्यांचे वेतन त्या त्या ठिकाणच्या सर्वोत्तम प्रचलित वेतनाशी जोडण्यात आले. एकाच इमारतीत दोन मोजपट्ट्या आल्या त्या अशा.

परंतु केवळ चांगल्या वेतनाने निष्ठा सुरक्षित होत नाही. सेवेची शाश्वती नसेल तर मोठा पगार हेच दडपणाचे साधन ठरू शकते. राष्ट्रसंघाने १९२७ मध्ये सेवकांच्या तक्रारींसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन केले, ते याच जाणिवेतून. दुर्दैवाने, त्याच्या निकालांची पहिली खरी कसोटी राष्ट्रसंघाच्या अखेरीस लागली. १९३९ च्या डिसेंबरमध्ये आमसभेने सेवानियम बदलून नोटिशीची मुदत व भरपाई कमी केली होती. त्याविरुद्ध काही सेवकांनी दाद मागितली व १९४६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. विसर्जनाच्या उंबरठ्यावर असलेल्या आमसभेने तो अमलात आणण्यास नकार दिला.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम १०० ने सेवकांना कोणत्याही सरकारकडून आदेश घेण्यास मनाई केली, तसेच सदस्य राष्ट्रांनाही त्यांच्यावर प्रभाव टाकण्यास मनाई केली. या कलमाच्या दुसऱ्या बाजूची परीक्षा न्यूयॉर्कमध्येच झाली. १९५२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने सचिवालयातील अमेरिकन नागरिकांना साक्षीसाठी बोलाविले. त्यांपैकी अनेकांनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा आपला घटनात्मक हक्क बजावला. महासचिव ट्रिग्वे ली यांनी त्यांना सेवेतून दूर केले. यांत तात्पुरत्या नेमणुकीचे सेवक होते, तसे कायम नेमणुकीचेही होते. ली यांच्यावरील दडपण मोठे होते हे मान्य करावे लागेल. तथापि त्यांनी स्वीकारलेला मार्ग कलम १०० च्या हेतूशी सुसंगत होता असे म्हणणे कठीण आहे.

१९४९ मध्ये निर्माण झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने १९५३ मध्ये अकरा सेवकांच्या बाजूने निर्णय दिला. ज्यांना पुन्हा सेवेत घ्यावे असे ठरले, त्यांनाही नवे महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी परत घेतले नाही. त्यांना भरपाई देण्याचे ठरले. यासाठी आमसभेकडे १,७९,४२० डॉलरची पूरक मागणी करण्यात आली. संस्थेच्या अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती, पण अमेरिकेने तिला कडाडून विरोध केला. अखेर आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागारी मत मागविले. वादात राष्ट्रसंघाच्या १९४६ मधील नकाराचा दाखलाही पुढे आला. न्यायालयाने तो गैरलागू ठरविला. १३ जुलै १९५४ रोजी नऊ विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले, की न्यायाधिकरण ही स्वतंत्र न्यायिक संस्था आहे, तिचे निर्णय अंतिम आहेत आणि आमसभेला भरपाई नाकारण्याचा अधिकार नाही. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार असला, तरी आधीच निर्माण झालेले देणे नाकारण्यापर्यंत तो जात नाही.

तत्त्वाचा विजय झाला, पण पैसे कोठून आले हे पाहणे उद्बोधक आहे. आपल्या वर्गणीतून एक डॉलरही या कामी जाऊ नये, अशी अमेरिकन काँग्रेसची भूमिका होती. त्यामुळे आमसभेने डिसेंबर १९५४ मध्ये एक विशेष भरपाई निधी उभारला व त्यासाठी सेवकांच्या वेतनातून होणाऱ्या अंतर्गत कपातीचा आधार घेतला. म्हणजे अन्यायाची भरपाई एका अर्थी सहकाऱ्यांच्या पगारातून झाली. १९५५ मध्ये न्यायाधिकरणाच्या नियमांत दुरुस्ती होऊन त्याच्या निर्णयांच्या पुनर्विलोकनाची वाट सदस्य राष्ट्रांसाठी खुली करण्यात आली. ही तरतूद १९९५ पर्यंत टिकली. त्याच १९५५ मध्ये भारताचे आर. वेंकटरामन या न्यायाधिकरणाचे सदस्य झाले आणि १९६८ ते १९७९ या काळात त्यांनी त्याचे अध्यक्षपद भूषविले. पुढे राष्ट्रपती झालेल्या या गृहस्थांच्या कारकिर्दीतील ही चोवीस वर्षे आपल्याकडील अभ्यासकांनी अद्याप पुरेशी तपासलेली दिसत नाहीत.