एलिचपूरची छावणी आणि कळदार बांसरीचें लांकूड

एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, हें इमादशाहीच्या राजधानीचें शहर म्हणून अभ्यासकांस परिचित आहे. त्याचा लष्करी इतिहास मात्र तितकासा पाहिला जात नाहीं. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेल्स्लीच्या फौजेनें जवळचा गाविलगड घेतला. पुढें निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी शहरालगत परतवाड्यास राहिली. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, व १९०३ सालीं ती कंटिन्जंट फौज हिंदी लष्करांत सामील करण्यांत आली. इंग्रजी धर्तीच्या पलटणींबरोबर त्यांचीं वाद्येंही येत. अशा छावणीच्या गांवीं पिंवळ्या लांकडाची, पितळी कळ बसविलेली जुनी आडवी बांसरी हातीं आल्यास ती विलायतेची कीं मेळघाटच्या लांकडाची, हा प्रश्न सहजच उद्भवेल. त्याचा निर्णय रंगावरून करूं नये, लांकडाच्या जातीवरून व घडणीवरून करावा, असें आमचें मत आहे. तें येथें सकारण मांडतों.

कळदार बांसरी सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सांत रूढ झाली. सहा छिद्रांखालीं उजव्या करंगळीनें दाबावयाची एकच कळ तीस असे. अठराव्या शतकांत लंडनच्या कारागिरांनीं आणखी कळा वाढविल्या. रिचर्ड पॉटर यांनीं १७८५ सालीं आपल्या सुधारणांचें पेटंट घेतलें. या बांसरीस विशेष मानलेलें लांकूड म्हणजे इंग्रज ज्यास बॉक्सवुड व फारसी लोक शमशाद म्हणतात तें. झाड लहान व अतिशय मंद वाढणारें. त्यामुळें लांकूड जड व घट्ट, आणि त्याचीं रंध्रें नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. बांसरी बहुधा चार जोडांची असल्यानें आंखूड तुकडेही पुरत.

परंतु प्रत्येक तुकडा उपयोगी पडत नसे. गाभा वगळून, उभे तंतु सरळ असलेला, गांठ व चीर नसलेला तुकडाच निवडावा लागे. तो अनेक वर्षें सुकवीत. प्रथम ओबडधोबड भोंक पाडून पुन्हा मुरूं देत, व मग शेवटचें कांतकाम करीत. कारण असें कीं, हें लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. गोल पोकळी लंबगोल झाली कीं सूर बिघडतो. कळेची अडचण याहून निराळी आहे. जुन्या पद्धतींत कांततांना नळीवर एक उंचवटा राखून ठेवीत, त्यांत खांच पाडीत आणि आडव्या खिळ्यावर कळ बसवीत. त्या लहानशा उंचवट्यांत तंतु आंखूड पडतात. लांकूड घट्ट नसेल तर खिळ्याशीं ढलपी निघते. आपल्या वेळूच्या बांसरीस हा प्रश्नच नाहीं: तीस कळ नाहीं, व तिची पोकळी निसर्गानेंच दिलेली आहे.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. खरें शमशाद येथल्या रानांत होत नाहीं. त्याची हिंदुस्थानांतील जात वायव्य हिमालयांत होते. तेथें तिला चिकरी म्हणतात व तिच्या फण्या करतात. एकोणिसाव्या शतकांत चित्रांचे ठसे व मागाचे धोटे यांसाठीं युरोपांत बॉक्सवुडची मागणी फार वाढली, तेव्हां त्याच्या बदलीं चालेल असें लांकूड हिंदी अरण्यांत शोधण्यांत आलें. त्यांत आपल्याकडील दोन नांवें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें हळदू, ज्यास हेदू असेंही म्हणतात. रंग पिंवळा, पोत बारीक, कांतकामास सोयीचें. परंतु वजनांत शमशादाच्या सुमारें दोन-तृतीयांश व तितकेंच मऊ. दुसरें पापडा. मध्य हिंदुस्थानांतील कोरड्या, खडकाळ रानांतलें हें लहान झाड; लांकूड घट्ट, पोत अत्यंत बारीक, आणि फण्या व कोरीवकाम यांसाठीं शमशादाच्या जागीं त्याची शिफारस झालेली आहे. तथापि ठशास किंवा फणीस चालणारें लांकूड कळेच्या उंचवट्यास चालेलच, असें अनुमान काढतां येत नाहीं. ठसा हवेच्या ओलीनें किंचित् हलला तर निभावतें, बांसरी हलली तर बेसूर होते.

कालाचाही विचार केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत विलायती कारागीर उत्तरोत्तर कोकस व आफ्रिकेच्या काळ्या लांकडाकडे वळले, आणि १८४७ सालीं थेओबाल्ड बोम यांनीं धातूच्या नळीची नवी बांसरी पुढें आणली. स्वस्त वाद्यें मात्र नंतरही बॉक्सवुडचीं होत राहिलीं. म्हणून केवळ लांकडावरून वाद्य १८५३ च्या आधींचें ठरत नाहीं. शिवाय जुने कारागीर कित्येकदां बॉक्सवुडला तेजाबानें तपकिरी रंग देत. तेव्हां तपकिरी बांसरीही बॉक्सवुडची असूं शकते, आणि पिंवळी हळदूची.

सारांश, परीक्षा या क्रमानें करावी. प्रथम कारागिराची मुद्रा पाहावी. मग वजन पाहावें: हळदू हातांत घेतांच हलकें लागतें. नंतर जोडाच्या उघड्या टोंकाशीं भिंगानें रंध्रें पाहावीं. शेवटीं कळेचा उंचवटा व पोकळी तपासावी. वाद्य खरवडूं नये, तेल लावूं नये. आपल्या गांवची कारागिरी सिद्ध व्हावी ही इच्छा स्वाभाविक आहे. पण पिंवळ्या रंगाच्या आधारानें केलेला दावा एका भिंगापुढें टिकत नाहीं, आणि तो कोसळला म्हणजे हळदू-पापड्यावर खरोखर कसब दाखविणाऱ्या वऱ्हाडी कातार्‍यांचें श्रेयही लोक त्याबरोबर नाकारूं लागतात. तें श्रेय त्यांस पुराव्यानेंच मिळावें.